अकरा मिलिमीटर

भोंगा : त्या खुर्चीवर नका बसू, साहेब. तिचा मागचा पाय गेलाय. हे स्टूल घ्या, हे अजून इमान राखून आहे.

साहेब : ही केबिन एवढीशी होती?

भोंगा : एवढीशीच. एकोणीस वर्षं मी हिच्यात उभा राहून आकाशपाळणा फिरवला, पण बघायचो सगळा वेळ बाहेर. म्हणून कधी कळलं नाही. थांबा, काच पुसतो. चाक नीट दिसेल.

साहेब : राहू दे. येताना पाहिलं मी. चोवीस पाळण्यांपैकी एकोणीस जागेवर आहेत.

भोंगा : झालं! चौदा वर्षांनी आलात, कुंपणाच्या भोकातून वाकून आलात, धाप लागली, आणि तेवढ्यात पाळणेही मोजून झाले. स्वर्गात गेलात तरी तुम्ही आधी पायऱ्या मोजाल.

साहेब : बाकीचे पाच?

भोंगा : तीन चोरीला गेले. पाळणा चोरून माणूस काय करतो देव जाणे, अंगणात टांगत असेल. दोन आपणहून पडले. एक तर मी बघत असताना पडला. दुपारची वेळ, वारा नाही, काही नाही. पिकलेलं फळ पडावं तसा.

साहेब : टकरीच्या गाड्यांचं छप्पर दिसलं नाही.

भोंगा : छप्पर गेलं, गाड्या गेल्या. छोट्या आगगाडीचे रूळ कुणीतरी उपटून नेले. आरसेमहालातले आरसे एका केशकर्तनालयवाल्यानं नेले. आता गिऱ्हाईक एका आरशात बुटबैंगण दिसतं आणि दुसऱ्यात ताडमाड. रोज भांडणं, म्हणे.

साहेब : आणि तळं?

भोंगा : तळ्यात गाळ. हंसांच्या होड्या होत्या ना, त्यांच्या माना तेवढ्या वर आहेत. सात माना. संध्याकाळी लांबून बघितलं तर वाटतं, कुणीतरी येईल म्हणून वाट बघतायत.

साहेब : किती शांत आहे. इथे शांतता असू शकते हेच खरं वाटत नाही.

भोंगा : माझ्यामुळं नव्हती शांतता. माईक बिघडला की मालक म्हणायचे, दुरुस्त कशाला करता, त्याला बोलवा. 'बसा! कडी लावा! हात आत!' तीन गल्ल्यांपलीकडं ऐकू जायचं. भोंगा हे नाव त्यातूनच पडलं. आता बायकोसुद्धा त्याच नावानं हाक मारते. खरं नाव फक्त मतदारयादीत उरलंय.

साहेब : मला कशासाठी आणलंस ते सांग. सूनबाईला तासाभरात येतो म्हणून सांगून आलो आहे.

भोंगा : कागद आणलाय, पेन आणलंय. चार ओळी हव्यात तुमच्या. सोमवारी नगरपालिकेची बैठक आहे. दोन प्रस्ताव आहेत. एक, सगळं सपाट करायचं आणि गोदामं बांधायची. दुसरा, इथं बाग करायची आणि चाक ठेवायचं. पण चालतं चाक हवं. नुसता सांगाडा उभा करून काय त्याला नमस्कार करायचा, असं अध्यक्ष म्हणाले.

साहेब : त्यांचं बरोबर आहे.

भोंगा : जुन्या चाळीस कामगारांच्या सह्या गोळा केल्यात मी. तिकीटखिडकीवरच्या ताईंनी तर स्वतःची करून नवऱ्याचीही केली.

साहेब : ती ग्राह्य धरणार नाहीत.

भोंगा : ग्राह्य नाही तर नाही, उत्साह तर बघा! पण सगळं एका ओळीवर अडलंय. पालिकेच्या सल्लागारानं लिहिलंय, 'मुख्य शाफ्टला तडा आहे, संदर्भ : देखभाल प्रमुखांचा अहवाल.' म्हणजे तुमचा. तो म्हणतो, ज्या दांड्यावर अख्खं चाक फिरतं तोच तडकलेला असेल तर पुढं बोलायचं कशाला? म्हणून म्हटलं, गाठ तुम्ही मारलीत, तुम्हीच सोडवा.

साहेब : काय लिहू?

भोंगा : तडा बारीक आहे, दुरुस्त होतो.

साहेब : शाफ्टचा तडा दुरुस्त होत नाही. शाफ्ट बदलावा लागतो.

भोंगा : मग बारीक आहे, चालून जाईल असं लिहा. थोडं इकडंतिकडं. साहेब, आयुष्यात एकदा तरी थोडं खोटं लिहा हो! तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुणी तपासायला येणार नाही.

साहेब : तेच तर झालं.

भोंगा : काय झालं?

साहेब : कुणी तपासायला आलं नाही.

भोंगा : तुम्हाला राग आला का माझा? खोटं लिहा म्हटलं म्हणून? बरं, सोडा. मी तुमच्याकडं असं मागायला नको होतं. मी तर तुमच्याबद्दल कुणाला वावगं बोलू देत नाही. कामगार तुम्हाला काय काय बोलायचे, ठाऊक आहे? ऐन हंगामाच्या तोंडावर चाक बंद केलं, चाक नाही म्हणून माणसं येईनात, दीड वर्षात पार्कला कुलूप लागलं. एका माणसाच्या हट्टापायी सत्तर घरं रस्त्यावर आली, असं म्हणायचे. मी भांडलोय त्यांच्याशी. म्हटलं, नोकरी गेली तर गेली, माणसं राहिली.

साहेब : भांडायला नको होतंस.

भोंगा : का नको? माझीच माणसं होती ती! सगळ्यात खालच्या पाळण्यात आमची ही आणि पोरगी बसलेल्या. कडी लावून झाली होती. तुम्ही वर शाफ्टपाशी होतात म्हणून मी थांबलो होतो. तुम्ही शिडीवरून उतरलात, दोन्ही हात खडूनं पांढरेफटक, आणि या लिव्हरवर माझा हात होता त्यावर हात ठेवून म्हणालात, 'उतरव सगळ्यांना.' पोरगी काय रडली त्या दिवशी! महिनाभर दिवस मोजत होती ती. सात वर्षांची होती. आता एकवीसची आहे, दवाखान्यात नर्स आहे. तिला मी लहानपणापासून सांगत आलोय, बाई गं, तू आहेस ती साहेबांमुळं आहेस.

साहेब : तिला मध्ये आणू नकोस. आता मला क्रमाने बोलू दे. मध्येच थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही.

भोंगा : पाणी देऊ का?

साहेब : नको. पहिली गोष्ट. त्या दिवशी सकाळी तू म्हणालास, चाकातून कट-कट असा आवाज येतो. दुपारच्या सुट्टीत मी वर चढलो. शाफ्टवरच्या डाव्या बेअरिंगजवळचा रंग खरवडला, तिथे रॉकेल लावलं, कोरड्या फडक्याने पुसलं आणि वरून खडूची पूड फासली.

भोंगा : माहितीये मला. तडा असेल तर रॉकेल आत शिरलेलं असतं. ते हळूहळू वर येतं आणि खडूवर काळी रेघ उमटते. तुम्हीच शिकवलंत.

साहेब : रेघ उमटली. बेअरिंगच्या कडेपासून अकरा मिलिमीटर बाहेर. लांबी पंच्याहत्तर. अहवालात तीच मापं आहेत.

भोंगा : पाठ आहेत. चार बोटं तडा.

साहेब : दुसरी गोष्ट. ही वही, तू इथे चल म्हणालास तेव्हाच बरोबर घेतली. चाक उभारलं त्या वर्षी मी रोज लिहायचो, त्यातली. पान दुमडलेलं आहे, ते मोठ्याने वाच.

(भोंगा खिसे चाचपतो. साहेब आपला चष्मा काढून त्याच्या हातात देतात आणि वहीकडे न पाहता बसून राहतात.)

भोंगा : अक्षर बघा, मुंग्यांची रांग. 'डावं बेअरिंग चढवण्यापूर्वी शाफ्टवर आखणी केली. बेअरिंग कुठवर बसवायचं ते कळावं म्हणून स्क्रायबरने खूण केली. कडेपासून अकरा मिलिमीटर बाहेर. लांबी पंच्याहत्तर. खुणेवर रंग दिला.' स्क्रायबर म्हणजे ती टोकदार सळई? लोखंडावर ओरखडायची?

साहेब : हो.

भोंगा : अकरा.

साहेब : अकरा.

भोंगा : पंच्याहत्तर.

साहेब : हो.

भोंगा : म्हणजे तडा नव्हताच.

साहेब : माझाच ओरखडा होता. माझ्या हाताने काढलेला. वर रंग बसला, एकोणीस वर्षं गेली, आणि मी विसरलो. रॉकेल ओरखड्यातही शिरतं. खडूला तडा आणि ओरखडा यांतला फरक कळत नाही, तो माणसाने करायचा असतो. तडा वेडावाकडा जातो. ती रेघ सरळ होती. इतकी सरळ की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही भिंग लावून पाहिलं असतं.

भोंगा : तुम्ही का नाही पाहिलं?

साहेब : मी मान वळवून खाली पाहिलं. खालच्या पाळण्यात माणसं बसलेली दिसली. मी घाबरलो.

भोंगा : घाबरलात ते बरंच केलं. शंका आली की थांबवायचं. हेही तुमचंच.

साहेब : त्या दिवशी थांबवलं ते योग्यच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंग घेऊन पुन्हा चढायला हवं होतं. मी टेबलाशी बसून अहवाल लिहिला. मग बाहेरचा तपासनीस आला. त्याने माझी सही पाहिली आणि म्हणाला, तुम्ही स्वतः मोजलं आहे ना, मग मी कशाला वर चढू? मला ते ऐकून बरं वाटलं. खोटं सांगत नाही, अभिमान वाटला.

भोंगा : आणि तो कट-कट आवाज?

साहेब : तो कशाचा होता ते मला आजही ठाऊक नाही.

भोंगा : मला ठाऊक आहे. सतरा नंबरच्या पाळण्याच्या छत्रीचा बोल्ट. बंद झाल्यावर मी इथं वॉचमन होतो ना, वारा सुटला की तोच आवाज यायचा. एकदा चढलो, दोन आटे आवळले, गप्प झाला.

साहेब : आणि मला सांगितलं नाहीस?

भोंगा : काय सांगू? तुम्ही तडा आहे म्हटल्यावर बोल्टाला कोण विचारतो? म्हटलं, दोन्ही असेल. आणि साहेबांना शहाणपण शिकवणारा मी कोण?

साहेब : सांगितलं असतंस तर...

भोंगा : तर काय केलं असतंत?

साहेब : माहीत नाही.

भोंगा : साहेब, ही वही कधी सापडली तुम्हाला?

साहेब : जुनी गोष्ट आहे.

भोंगा : किती जुनी? तुम्ही दिवस, वार, वेळ सांगणारे. 'जुनी गोष्ट' तुमच्या तोंडी शोभत नाही.

साहेब : नऊ वर्षं झाली. ही गेली, घर रिकामं करून मुलाकडे राहायला जायचं होतं. माळ्यावरच्या पेटीत होती.

भोंगा : वहिनी गेल्या त्या वर्षी. म्हणजे तो फिरत्या मेळ्याचा मालक चाक विकत घ्यायला आला, तो त्याच्या आधी की नंतर?

साहेब : नंतर.

भोंगा : नंतरच. आठ वर्षं झाली त्याला. मी तेव्हा वर चढून बेअरिंगला ग्रीस लावत होतो. दर महिन्याला लावायचो. बेअरिंग एका जागी बसून धरू नये म्हणून हातानं ढकलून अर्धी फेरी द्यायचो. बायको म्हणायची, मेलेल्या घोड्याला खरारा करतोयस. आणि त्या माणसानं इथून, या केबिनमधून, माझ्यासमोर तुम्हाला फोन लावला.

साहेब : हो.

भोंगा : त्यानं विचारलं, तड्याचं खरं आहे का? काय म्हणालात तुम्ही?

साहेब : तुला माहीत आहे.

भोंगा : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

साहेब : 'अहवालात आहे तेच खरं.'

भोंगा : आणि वही तेव्हा कुठं होती?

साहेब : टेबलावर. फोनशेजारी.

भोंगा : उघडी?

साहेब : उघडी.

भोंगा : बरं.

साहेब : तू बोल काहीतरी. हवं ते बोल.

भोंगा : चूक झाली त्याचं मला काही नाही. मीही एकदा कडी न लावता पाळणा वर सोडला होता. तुम्ही सांभाळून घेतलंत, आणि नंतर ह्या दाराआड असं झापलंत की आठवडाभर कान लाल होते. चूक माणसाच्या हातून होते. पण तो माणूस चाक नेणार होता, साहेब. चालवणार होता. मला म्हणाला, काका, तुम्ही पण चला, या चाकाची नाडी तुम्हालाच कळते. मी घरी जाऊन बायकोला सांगूनही आलो होतो. ती कधी नव्हे ते गाणं म्हणत होती. मग तुमचा फोन झाला, तो गेला, आणि दोन दिवसांनी मालकानं वॉचमनही काढला. तेव्हापासून चाकाला ग्रीसचं बोट लागलेलं नाही.

साहेब : मला कारण विचारणार नाहीस?

भोंगा : सांगायचं तर सांगा.

साहेब : आयुष्यभर लोक म्हणत आले, हा माणूस रुक्ष आहे, चिकट आहे, पण चुकत नाही. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. ही गेली होती, घर गेलं होतं. तेवढंच उरलं होतं, ते मला सोडवेना. शिवाय मनात आलं की तुझी मुलगी...

भोंगा : तिला मध्ये आणू नका. तुम्हीच म्हणालात.

साहेब : खरं आहे.

भोंगा : सगळे पार्कसाठी रडले. ताई रडल्या, आगगाडीचा ड्रायव्हर रडला, मालक तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मी नाही रडलो. मला वाटायचं, आपण काहीतरी वाचवलंय, तर हे जाणारच. आता सांगताय, काही वाचवलं नव्हतं. एक पोरगी विनाकारण रडली, बस. आता मी त्या रडण्याचं काय करू? वयही राहिलं नाही.

साहेब : कागद दे.

भोंगा : घ्या. आणि हा तुमचा चष्मा.

साहेब : एक. शाफ्टवर नोंदवलेला तडा हा तडा नसून उभारणीच्या वेळची आखणीची खूण आहे, ती मी स्वतः केली. वहीची प्रत सोबत जोडली आहे. दोन. अहवाल देताना मी भिंगाने खातरजमा केली नाही. तीन. ही गोष्ट मला नऊ वर्षांपासून माहीत आहे, आणि एका खरेदीदाराने विचारलं असता मी ती लपवली.

भोंगा : तिसरं कशाला? चाकाला त्याचा काही उपयोग नाही. लोक तुम्हाला फाडून खातील.

साहेब : अर्धा अहवाल मी एकदा लिहिला आहे. पुन्हा लिहायचा नाही.

भोंगा : तुमची मर्जी.

साहेब : चार. शाफ्टची, बेअरिंगची आणि चाकाच्या आऱ्यांची प्रयोगशाळेकडून ध्वनिलहरींनी तपासणी करावी. ती होईपर्यंत माझ्या शब्दावर एकाही माणसाला पाळण्यात बसवू नये.

भोंगा : एक विचारू? पालिकेला नाही, मला सांगा. चालेल का?

साहेब : शाफ्ट चांगला असावा. बेअरिंग आठ वर्षं कोरडं आहे. आरे मी येताना पाहिले, पाच-सहा ठिकाणी गंज आतपर्यंत गेलेला आहे.

भोंगा : म्हणजे?

साहेब : म्हणजे तडा नव्हता तेव्हा आपण ते चालवलं नाही. आता बहुधा खरंच कुठेतरी तडा गेलेला असेल. तो मेळेवाला आला तेव्हा ते चाललं असतं. ग्रीस होतं. तू होतास.

भोंगा : हे लिहिणार?

साहेब : मोजल्याशिवाय लिहिता येणार नाही. तुला सांगितलं.

भोंगा : तरी गोदामापेक्षा बरं. निदान बघायला कुणीतरी वर चढेल. एवढी वर्षं कुणी चढलं नाही.

साहेब : सोमवारी हे पत्र मी स्वतः वाचेन. तुझ्या हाती पाठवणार नाही.

भोंगा : पोरगी येणार आहे बैठकीला. सुट्टी काढलीये तिनं. पुढच्याच रांगेत बसेल, तुम्हाला हात करायला.

साहेब : तिला आधी सांगणार आहेस का?

भोंगा : मी नाही सांगणार. इतकी वर्षं मीच सांगत आलोय, आता पुरे झालं. तिला तुमच्या तोंडून ऐकू दे. जमेल?

साहेब : जमवेन.

भोंगा : सही करा. तारीख पण घाला. हां. उठा आता, हात द्या. सावकाश. गुडघा सांभाळा.

साहेब : सोमवारी मुलगा मला गाडीने सोडणार आहे. वाटेत तुम्हा तिघांना घेऊ का?

भोंगा : त्या दोघींना घ्या, साहेब. मी माझा येईन.